एड मागितली तर ॲडमिशन जाते का? लातूरच्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र: "ताई, नमस्कार. आम्ही लातूरचे. मिस्टर सहकारी बँकेत क्लार्क आहेत, मी घरी शिवणकाम करते, दोघांचं मिळून वर्षाला ९ लाखाच्या आसपास होतं. औशाजवळ सासऱ्यांच्या नावावर चार एकर आहे, त्यात दोन दिरांचाही वाटा. मुलीची अकरावी सायन्स संपत आली, दहावीला ९६ टक्के होते. तिला अमेरिकेतच शिकायचंय, पाणी-पर्यावरण आणि कॉम्प्युटर दोन्ही घ्यायचंय म्हणते, दर रविवारी शेतावर जाऊन विहिरीत दोरी सोडून पाणी मोजते आणि वहीत लिहिते, दोन वर्षं चाललंय. पुण्याच्या एका कन्सल्टंटकडे गेलो. त्यांनी ६ लाख फी सांगितली आणि आयव्ही लीगमध्ये १०० टक्के मेरिट स्कॉलरशिपची गॅरंटी दिली. टोकन २५ हजार देऊन आलो. ते म्हणतात फॉर्मवर पैशाची मदत पाहिजे असं टिकच करू नका, मदत मागितली की ॲडमिशन जाते, आधी ॲडमिशन होऊ दे मग बघू. निबंधात दुष्काळग्रस्त शेतकऱ्याची मुलगी असं लिहायला सांगितलंय. मिस्टर म्हणतात आपला वाटा विकून टाकू. काय करावं कळत नाही."

ताई, आधी एकच सांगते, जमीन विकायचा विषय आत्ता बंद करा. पुढे सगळं सविस्तर लिहितेय पण ते वाचायच्या आधी मिस्टरांना एवढं सांगाच, कारण एकदा व्यवहार झाला की तो मागे घेता येत नाही आणि चार एकरातला तुमचा वाटा विकून अमेरिकेचं एक वर्षसुद्धा धड निघेल की नाही शंका आहे. हार्वर्डसारख्या ठिकाणी फी, राहणं, जेवण, इन्शुरन्स सगळं धरून वर्षाला ८५ ते ९० हजार डॉलर होतात, म्हणजे आपले पाऊण कोटी, आणि ते एका वर्षाचे, शिकायचं चार वर्षं. हे पैसे लातूरच्या नोकरदार माणसाने उभे करायचेच नाहीत. ते कॉलेजने द्यायचे, आणि काही कॉलेजं खरंच देतात. तुमचा सगळा प्रश्न इथेच आहे, कुठली कॉलेजं देतात आणि त्यांच्याकडे कसं मागायचं.

कन्सल्टंटचं म्हणणं आधी मोडून काढते. आयव्ही लीगमध्ये आठ युनिव्हर्सिट्या आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, पेन, कॉर्नेल, ब्राउन आणि डार्टमथ. या आठही ठिकाणी मेरिट स्कॉलरशिप नावाचा प्रकारच नाही. मार्कांवर नाही, खेळावर नाही, कशावरच नाही. तिथे मिळते ती फक्त गरजेवर आधारलेली मदत, म्हणजे घरची परिस्थिती बघून कॉलेज ठरवतं की तुम्ही किती देऊ शकता आणि बाकीचं ते देतात. म्हणजे ज्या गोष्टीची गॅरंटी तुम्हाला ६ लाखात दिलीय ती गोष्ट अस्तित्वातच नाही. वर हा माणूस सांगतो की मदत पाहिजे असं टिक करू नका! गरजेवर मिळणारी मदत न मागता कशी मिळणार? हार्वर्डला शंभर जणांनी अर्ज केला तर तीन-चार जणांना प्रवेश मिळतो, एमआयटीला परदेशी मुलांचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आहे, अशा ठिकाणची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही, अगदी तिथे शिकलेला माणूससुद्धा नाही.

पण त्याच्या एका वाक्यात अर्धं सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्यामुळेच तुमच्यासारखी शहाणी माणसं घाबरतात, म्हणून ते नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या कॉलेजांचे परदेशी मुलांच्या बाबतीत साधारण तीन गट पडतात.

पहिल्या गटाला नीड ब्लाइंड म्हणतात. प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना हे लोक तुम्हाला पैसे लागणार आहेत का हे बघतच नाहीत, आणि प्रवेश दिला की जेवढी गरज निघेल तेवढी पूर्ण भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही यातली जुनी नावं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन आले, नंतर ब्राउन आणि नोत्र दाम. यादी लहानच आहे. इथे टिक करा नाहीतर नका करू, प्रवेशावर काडीचा फरक पडत नाही, मग न मागण्यात कसला फायदा?

दुसरा गट नीड अवेअर, म्हणजे प्रवेश ठरवताना तुम्हाला पैसे लागणार आहेत का हेही बघणारी कॉलेजं. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन, कॉर्नेल, शिवाय विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल अशी बरीच चांगली कॉलेजं यात येतात. यांच्याकडे परदेशी मुलांसाठी ठराविक बजेट असतं, त्यामुळे मदत मागणाऱ्यांमधली चुरस जास्त असते हे खरं आहे. कन्सल्टंट बोलतो ते इथलं. पण इथे न मागता शिरलात तर पुढे काय होतं ते त्याने सांगितलं नाही. स्टॅनफर्ड आणि कोलंबियासारख्या ठिकाणी नियमच असा आहे की परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करतानाच मदत मागितली नाही तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही. म्हणजे मार्चमध्ये ॲडमिशनचं पत्र येईल, घरात पेढे वाटले जातील, नातेवाईकांचे फोन येतील, आणि मे महिन्यात कॉलेज विचारेल की पाऊण कोटीचा पुरावा कुठंय, कारण तो पुरावा दाखवल्याशिवाय ते आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, देत नाहीत आणि आय-ट्वेंटीशिवाय व्हिसाचा अर्जच होत नाही. "मग बघू" म्हणजे नेमकं हे. त्या क्षणी घरात जमीन विकायची भाषा सुरू होते, खाजगी कर्जवाले दारात येतात, आणि मुलगी मध्ये उभी राहून हे सगळं आपल्यामुळे झालं म्हणून रडते. मला असे फोन येतात दर वर्षी, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

तिसरा गट म्हणजे जे परदेशी मुलांना गरजेवर फारसं काही देत नाहीत, बर्कली आणि यूसीएलएसारख्या सरकारी युनिव्हर्सिट्या यातच. नाव कितीही मोठं असू दे, तुमच्या यादीत नको, फॉर्मची फी वाया जाईल.

एक सापळा अजून आहे. मध्यम दर्जाच्या पुष्कळ युनिव्हर्सिट्या परदेशी मुलांना मेरिट स्कॉलरशिप देतात, पत्रावर ३० हजार डॉलर असं ठळक छापलेलं असतं आणि ते वाचून घरचे हरखून जातात. एकूण खर्च ७५ हजार असेल तर ४५ हजार तुमच्याच डोक्यावर राहतात, म्हणजे दर वर्षी जवळपास ४० लाख. त्यामुळे किती मिळाले हे वाचायचंच नाही, किती भरायचे राहिले तो आकडा शोधायचा.

आता तुमच्या घराकडे येऊ. ९ लाख म्हणजे साधारण १० हजार डॉलर. लातूरमध्ये तुम्ही खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गीय आहात आणि तसं असण्यात अभिमानच वाटायला पाहिजे, पण त्यांच्या हिशोबात हे उत्पन्न खूप कमी धरलं जातं. हार्वर्डने २०२५ पासून जाहीर केलंय की वर्षाला १ लाख डॉलरच्या आत उत्पन्न आणि नेहमीसारखी मालमत्ता असलेल्या घरांकडून ते काही घेणार नाहीत, आणि त्यांची मदत नागरिकत्व बघून बदलत नाही. म्हणजे प्रवेश मिळाला तर पैशाची बाजू सुटू शकते. मिळेल का हे मात्र कोणीच सांगू शकत नाही.

मदतीचा फॉर्म म्हणजे सीएसएस प्रोफाइल, कॉलेज बोर्ड नावाच्या अमेरिकन संस्थेचा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो. एफएएफएसए नावाचा दुसरा फॉर्म तुम्हाला कुठेतरी दिसेल, तो परदेशी मुलांसाठी नाही, सोडून द्या. क्वेस्टब्रिज या गरजू हुशार मुलांसाठीच्या अमेरिकन योजनेचंही तेच, भारतात राहून शिकणाऱ्या मुलांना ती चालत नाही. सीएसएसला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६, परवडत नसेल तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करायचा की फी भरणं अवघड आहे, दुसरा काही मार्ग आहे का, पुष्कळ ठिकाणी त्यांचा स्वतःचा फुकट फॉर्म असतो किंवा ते कोड देतात. लाजायचं नाही, ते याच कामासाठी बसलेत.

हा फॉर्म मुलीवर टाकू नका, मिस्टरांनी शेजारी बसायला हवं. एखाद्या रविवारी जेवणं आटोपल्यावर टेबलावर सगळं काढून ठेवा, त्यांचा फॉर्म सोळा, इन्कम टॅक्स रिटर्न, पीएफचं स्टेटमेंट, बँकेची पासबुकं, घराची कागदपत्रं, सातबारा. आकडे रुपयात भरता येतात, फक्त महिन्याचा पगार विचारलाय की वर्षाचा हे दोनदा वाचा, इथे लोक हमखास चुकतात. तुमच्या शिवणकामाचे पैसे रोखीत येतात म्हणून ते गाळू नका, महिन्याला सरासरी किती येतात ते एका साध्या कागदावर लिहून सही करून ठेवा, कॉलेजने मागितलं तर देता येईल. शेतीचं म्हणाल तर सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा ती तुम्हा दोघांची मालमत्ता म्हणून टाकायची नाही, पण तिच्यातून वर्षाला जे काही घरात येतं, सोयाबीनचे पैसे असोत नाहीतर काही, ते लिहायचं. फॉर्मच्या शेवटी विशेष परिस्थिती लिहायला जागा असते आणि आपल्याकडचे लोक ती मोकळी सोडतात. तिथे चार सरळ वाक्यं लिहा, की चार एकर शेती आजोबांच्या नावावर आहे, तीन भावांची सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, पाऊस झाला तरच पीक येतं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी आम्ही बघतो. अमेरिकेत बसलेल्या माणसाला एकत्र कुटुंब म्हणजे काय हे आपोआप कळत नाही, त्याला सांगावं लागतं. खोटं एक अक्षर लिहू नका, कमी नको की जास्त नको, कागद मागवतात आणि ताडून बघतात.

निबंधाबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. वडील बँकेत नोकरीला आणि निबंधात दुष्काळग्रस्त शेतकऱ्याची मुलगी? एका फॉर्मवर क्लार्क आणि दुसऱ्यावर शेतकरी असं गेलं तर तो अर्ज तिथेच संपला. आणि गरजच काय त्याची? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा तुमची मुलगी लहान असेल पण घागरी आणि टँकरची रांग तिने पाहिलेली असणार. त्याच गावातली मुलगी आज दर रविवारी विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजते आणि वहीत उतरवते, कोणी सांगितलेलं नसताना, दोन वर्षं. ताई, हे सोनं आहे तुमच्याकडे. तिला निबंधाच्या ६५० शब्दांत दया मागायची नाहीये, तिला सांगायचंय की मी काय बघितलं, मला कुठला प्रश्न पडला, कुठे माझा अंदाज चुकला, शेजारच्या शेतात नवीन बोअर पडल्यावर आकडे कसे बदलले. ती वही नीट जपायला सांगा. आकडे एक्सेलमध्ये टाकून एक साधा आलेख काढू दे, आसपासच्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या विहिरी पण घेऊ दे, तिला कॉम्प्युटर आणि पाणी दोन्ही का हवंय हे त्यातूनच दिसेल. कॉमन ॲपवर, म्हणजे पुष्कळ कॉलेजांना एकच अर्ज जातो त्या वेबसाइटवर, दहा ॲक्टिव्हिटी लिहायला जागा असते आणि प्रत्येकीला फक्त १५० अक्षरं, तिथे दहाच्या दहा भरायचा अट्टहास नको, ही विहीर, घरातलं काम, तुमच्या शिवणकामाचा हिशोब ठेवत असेल तर तोसुद्धा. घरची जबाबदारी तिथे ॲक्टिव्हिटी म्हणूनच मोजतात, आपल्या मुलांना ते माहीत नसतं म्हणून ती लिहीत नाहीत आणि मग कुठल्यातरी ऑनलाइन सर्टिफिकेटांनी जागा भरतात.

लातूरच्या मुलांचं खरं अडतं ते शिफारसपत्रांपाशी. लातूर पॅटर्नमध्ये पोरं दिवसभर क्लासला असतात, ज्युनिअर कॉलेजात नाव फक्त हजेरीपुरतं, त्यामुळे कॉलेजच्या सरांना मुलगी तोंडओळखीपुरतीच माहीत असते आणि अमेरिकेला तर दोन शिक्षकांची पत्रं लागतात, शिवाय काउन्सेलर म्हणून शाळेच्या वतीने एक रिपोर्ट. आपल्याकडे काउन्सेलर नसतो, तिथे प्राचार्य किंवा उपप्राचार्य चालतात. बारावी सुरू झाल्या झाल्या तिने आठवड्यातून दोन-तीन तास तरी प्रत्यक्ष कॉलेजमध्ये बसावं, फिजिक्सच्या सरांना ती विहिरीची वही दाखवावी, शंका विचारावी. ऑगस्टमध्ये पत्र मागताना सरांना एका पानावर लिहून द्यावं की सर, अमुक प्रॅक्टिकलला असं झालं होतं, अमुक तासाला मी हे विचारलं होतं. "हुशार, आज्ञाधारक, नियमित" असली पत्रं तिकडे ढिगाने येतात आणि त्यांचा काही उपयोग होत नाही, एक खरा प्रसंग असला की पत्र जिवंत होतं. सरांचं इंग्रजी कच्चं असेल तर मराठीत लिहू द्या आणि इंग्रजीच्या मॅडमकडून भाषांतर करून घ्या, पण मुलीने स्वतः लिहून सरांची सही घेतली हे अजिबात नको. प्राचार्यांना नववीपासूनचे मार्क एकत्र एका लेटरहेडवर लागतील हे जूनमध्येच सांगून ठेवा, आपल्या ऑफिसमध्ये ट्रान्सक्रिप्ट म्हटलं की कोणता कागद तेच कळत नाही, तीन-चार फेऱ्या होणारच.

परीक्षांचं पटकन सांगते. एमआयटी, हार्वर्ड, येल, डार्टमथ, ब्राउन यांनी प्रवेश परीक्षेची अट परत आणलीय, तेव्हा एसएटी द्यायचीच, ऑगस्टला एक आणि जमलं तर ऑक्टोबरला एक. इंग्रजीसाठी डुओलिंगोची परीक्षा टोफेलपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि घरून देता येते, कॉलेज घेतं का ते साइटवर बघा. अर्ज ऑगस्टपासून उघडतात, नेहमीची मुदत १ जानेवारीच्या आसपास असते, आणि तिथेच आपल्या मुलांची कोंडी होते कारण जानेवारीत जेईई मेन, कॉलेजच्या प्रिलिम आणि लगेच बोर्ड. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निबंध संपलेच पाहिजेत. दिवाळीनंतर हात लावायला वेळ मिळणार नाही.

अर्ली डिसिजन म्हणून एक प्रकार असतो, नोव्हेंबरला एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि घेतलं तर तिथेच जाईन असं लिहून द्यायचं. नीड अवेअर कॉलेजात याचा थोडा फायदा होतो असं पुष्कळ लोक मानतात, पण मग दुसऱ्या कॉलेजच्या मदतीशी तुलना करता येत नाही. मदत पुरेशी नसेल तर त्यातून बाहेर पडता येतं, तेवढं लक्षात ठेवा. तिला एखादं कॉलेज मनापासून आवडलं आणि ते पूर्ण गरज भागवणारं असेल तरच करा.

यादी कशी करायची? मी तुमच्या जागी असते तर पहिल्या गटातली चार-पाच, दुसऱ्या गटातली पाच-सहा आणि त्यात लहान कॉलेजं जास्त घेतली असती. ग्रिनेल, कार्लटन ही नावं लातूरमध्ये कोणाला माहीत नसतील, नातेवाईक विचारतील हे कुठलं कॉलेज, विचारू देत. ही दोन्ही अर्जाची फीसुद्धा घेत नाहीत. केंटकीमध्ये बेरिया नावाचं कॉलेज आहे, १८५५ पासूनचं, तिथे ट्यूशन फी कोणालाच नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम करावंच लागतं, परदेशी मुलं अगदी मोजकी घेतात पण बघून ठेवा. कॉर्नेलमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे, तीसुद्धा गरजेवरच. आणि भारतातला पर्याय मनापासून ठेवा, नाइलाज म्हणून नको. आयसर, जेईई, सीईटी हे चालू राहू दे. अमेरिकेचं यंदा झालं नाही तर मास्टर्सला जाता येतं, आणि तेव्हा आपल्या बाजूने दरवाजे जास्त असतात. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून आहे ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठीच, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांना मास्टर्स आणि पीएचडीसाठी मिळते, बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेही बीए झाल्यावर. बारावीनंतर लगेच जायचं असेल तर मात्र कॉलेजची स्वतःची मदत हाच मुख्य रस्ता.

व्हिसाचं टेन्शन आत्ता घेऊ नका, पण डोळे उघडे ठेवा. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नवीन मुलाखतीच काही आठवडे थांबवल्या होत्या, हार्वर्डचा परदेशी मुलं घ्यायचा परवानाच काढायचा प्रयत्न झाला आणि कोर्टाने तो अडवला, तेव्हापासून मुलांची सोशल मीडिया खाती पब्लिक ठेवायला सांगून तपासतात. पत्र आलं की आय-ट्वेंटीच्या मागे लगेच लागायचं, एक आठवडा पण घालवायचा नाही. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यातून खर्चाला हातभार लागतो, फी निघत नाही, कोणी निघते म्हणालं तर विश्वास ठेवू नका. विमानाचं भाडं आणि थंडीचे कपडे मदतीत धरतात का हे कॉलेजला विचारा, काही धरतात.

फुकटात सल्ला पाहिजे असेल तर मुंबईला यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेत एज्युकेशनयूएसए या अमेरिकन सरकारच्या सल्लासेवेचं केंद्र आहे, त्यांची ऑनलाइन सेशन्स असतात, मुलीचं नाव नोंदवा आणि तुम्ही दोघंही शेजारी बसून ऐका.

राहिले टोकनचे २५ हजार. फोनवर भांडू नका, ईमेल करा, अमुक तारखेला एवढे दिले, सेवा घ्यायची नाही, परत करावेत, पावतीचा फोटो जोडा. गॅरंटी लिहिलेला त्यांचा पॅम्फ्लेट किंवा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, नंतर डिलीट होतात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग लातूरलाच आहे, वकील लागतोच असं नाही. आणि त्यांच्याकडे मुलीचे मार्कलिस्ट, पासपोर्ट, ईमेलचा पासवर्ड असं काही दिलं असेल तर पासवर्ड आज रात्रीच बदला आणि कॉमन ॲपचं खातं तिने स्वतःच्या ईमेलवर नव्याने उघडावं.